गोव्यातल्या पालिका: रिकाम्या खुर्च्या, कागदावरची शिल्लक आणि न आलेली कचरागाडी

वहीखाते (तिसवाडी)

नमस्कार मंडळी.

फेब्रुवारी-मार्च आला की आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत ठरलेली बातमी येते: अमुक पालिकेचा इतक्या लाखांचा शिलकी अर्थसंकल्प मंजूर. दोन-तीन महिने जातात आणि त्याच पालिकेच्या रोजंदारी कामगारांचा पगार अडतो, नाहीतर कचरागाडी दुरुस्तीला पैसे नसतात. या दोन्ही बातम्या एकाच वेळी खऱ्या असतात. एका पालिकेच्या लेखा विभागातून मी निवृत्त झाले, त्यामुळे हे सगळं आतून पाहिलं आहे. पालिकेचं नाव घेत नाही, कारण मी सांगणार आहे ते थोड्याफार फरकाने बऱ्याच ठिकाणी लागू पडतं.

माझं म्हणणं थोडक्यात असं. आपल्या शहरांना नवीन बाजार संकुल, नवीन सभागृह, नवीन उद्यान यांची घाई नाही. आधी लेखापाल, अभियंता, कर निरीक्षक यांच्या खुर्च्या भरा, अंदाजपत्रकात येणारेच पैसे लिहा आणि देखभालीचा पैसा बाजूला काढून ठेवा. हे झालं तर आहे त्याच पैशांत शहर बरंच नीट चालेल.

शिलकीचं गणित आधी सांगते. समजा एका पालिकेची घरपट्टीची चालू वर्षाची मागणी 3 कोटी आणि मागची थकबाकी 5 कोटी. अंदाजपत्रकात जमेला 8 कोटी लिहिले जातात. प्रत्यक्षात वसूल होतात अडीच कोटी. थकबाकीतला मोठा भाग कधीच येणार नसतो. मालक वारलेला, घराच्या वाटण्या झालेल्या, कोर्टात दावा, एक भाऊ पोर्तुगालला नि दुसरा मुंबईला, घराला कुलूप. तरी वहीत आकडा आहे म्हणून तो जमेत धरायचा. खर्चाच्या बाजूला मात्र पगार, निवृत्तिवेतन, डिझेल, कंत्राटदारांची बिलं यांतलं काहीच चुकत नाही. मग वर्षभर कात्री लागते ती देखभालीला, कारण देखभाल आज केली नाही म्हणून आज कुणी ओरडत नाही.

आता एक गाडी घ्या. कॉम्पॅक्टरचा, म्हणजे कचरा दाबून भरणाऱ्या गाडीचा, हायड्रॉलिक पाइप फुटला. पर्यवेक्षक स्वच्छता निरीक्षकाला सांगतो, निरीक्षक टिपण लिहितो, टिपण अभियंत्याकडे जातं. अभियंत्याकडे दोन पालिकांचा ताबा, इथे तो आठवड्यातले काही दिवसच. त्याने खर्चाचा अंदाज दिला की फाइल लेखा विभागात. तिथे 'वाहन दुरुस्ती' हे लेखाशीर्ष, म्हणजे त्या खर्चासाठी राखलेलं खातं, डिसेंबरातच संपलेलं. मग दुसऱ्या शीर्षातून पैसे वळवण्याचा प्रस्ताव, मुख्याधिकाऱ्यांची सही, नगराध्यक्षांची सही, कधी पुढच्या बैठकीची वाट. दरम्यान कचरा तर रोज उचलायला हवा, म्हणून भाड्याचा ट्रक लागतो. त्याचं बिल घनकचऱ्याच्या शीर्षातून निघतं. पाइपाच्या किमतीच्या कितीतरी पट भाडं जातं आणि कुणाला काही खटकत नाही, कारण दोन्ही फाइली आपापल्या जागी बिनचूक असतात. पुढे तो पाइप येईपर्यंत गाडी पावसात उभी राहून तिचा तळ गंजतो. मग 'नवीन वाहन खरेदी'चा ठराव येतो आणि तो एकमताने मंजूर होतो.

उत्पन्नाचंही तसंच. नवी इमारत झाली की तांत्रिक विभाग भोगवटा दाखला देतो. त्या इमारतीतले गाळे नि सदनिका घरपट्टीच्या वहीत चढवायच्या तर ती माहिती कर विभागाला मिळायला हवी. दोन्ही टेबलं एकाच मजल्यावर असतात. पण कर निरीक्षकाची जागा रिकामी असेल तर दर महिन्याला ते दोन कागद शेजारी ठेवून जुळवणार कोण? एकही दर न वाढवता पालिकेचं उत्पन्न वाढवायचा हा सर्वांत सरळ मार्ग आहे, आणि तो एका माणसाच्या पगारावर अडलेला असतो.

गोव्यात पणजी ही एकच महानगरपालिका, 2002 च्या स्वतंत्र कायद्याची. बाकी 13 नगरपालिका 1968 च्या गोवा नगरपालिका कायद्याखाली चालतात. शहरं लहान आहेत. 2011 च्या जनगणनेत मुरगाव सुमारे 94 हजार, मडगाव 88 हजारांच्या आत, पणजी आणि म्हापसा प्रत्येकी 40 हजारांच्या आसपास. एवढ्या आकाराचं शहर नीट चालवणं अशक्य अजिबात नाही. म्हणूनच मला याची फार तळमळ वाटते. तुमच्या शहरात काय अनुभव आहे, लिहा.

शुक्रवारपेठ (म्हापसा)

वहीखातेबाय, मनातलं लिहिलंत. मी म्हापशाच्या बाजारात धंदा करतो, वडिलांपासूनचा. बाजाराची बाजू मी सांगतो.

सोपो हा आमच्या रोजच्या जगण्यातला विषय. बाहेरचे वाचत असतील तर सांगतो, बाजारात बसणाऱ्याकडून जागेचं जे रोजचं शुल्क घेतात त्याला गोव्यात सोपो म्हणतात. बऱ्याच ठिकाणी त्याची वसुली कंत्राटाने देतात. पालिकेला वर्षाची ठरीव रक्कम मिळते, बाकी कंत्राटदार बघून घेतो. यात पालिकेला कधी कळतच नाही की बाजारात रोज किती माणसं बसतात. शुक्रवारी पेडणे-डिचोलीपासून भाजी, मिरची, चवळी, मडकी घेऊन येणाऱ्या बायकांना हातात पावती मिळते का, ती किती रुपयांची, यावर लक्ष ठेवायला पालिकेचं स्वतःचं माणूस हवं. बाजार निरीक्षक नावाचं पद कागदावर असतं.

आम्ही पैसे द्यायला नाही म्हणत नाही. पावसात छपरातून धार लागते, शौचालयाला पाणी नसतं, मासळीच्या बाजूचं गटार तुंबतं. त्या सोपोतला रुपया बाजारातच लागतो असं दिसलं तर दर वाढवला तरी कुणी कुरकुरणार नाही. फेरीवाल्यांसाठी 2014 चा केंद्राचा कायदा आहे, त्यात नगर विक्रेता समिती बसवून सर्वेक्षण करायला सांगितलं आहे. ते सर्वेक्षण नीट झालं तर पालिकेला आकडा मिळेल आणि बसणाऱ्याला ओळखपत्र.

साळकाठ (मडगाव)

सोनसडा, म्हणजे मडगावचा कचरा टाकायची जागा, म्हटलं की आम्हां मडगावकरांना वेगळं काही सांगावं लागत नाही. मे 2019 ची आग आणि त्यानंतरचा धूर ज्याने श्वासात घेतला तो विसरणार नाही. वर्षानुवर्षांचा न हाताळलेला कचरा तिथे साचला होता. मग उच्च न्यायालयाने लक्ष घातलं, जुन्या ढिगाचं बायोमायनिंग, म्हणजे साचलेला कचरा उकरून, वेगळा करून त्याची विल्हेवाट लावणं, सुरू झालं, कचरा दुसऱ्या प्रकल्पांकडे पाठवायची वेळ आली. जे काम रोज थोडं थोडं व्हायला हवं होतं त्यासाठी न्यायालयाला तारखांवर तारखा घ्याव्या लागल्या.

साळगावचा कचरा प्रक्रिया प्रकल्प 2016 मध्ये सुरू झाला. सुरुवातीची क्षमता दिवसाला 100 टन, नंतर ती 250 टनांपर्यंत वाढवली. म्हणजे गोव्यात प्रकल्प चालू शकतो. मग शहरांच्या पातळीवर घोडं कुठे अडतं? माझ्या मते वेगळा केलेला कचरा रोज ठरल्या वेळी न्यायला येणाऱ्या माणसावर नि गाडीवर. आमच्या वाड्यावर ओला-सुका वेगळा करायची सवय लोकांनी लावून घेतली होती. मग सुक्याची गाडी यायची बंद झाली, कधी येते, कधी येत नाही. लोकांनी पुन्हा एकाच पिशवीत बांधायला सुरुवात केली. त्यांना दोष देता येत नाही. सेवा भरवशाची नसेल तर चांगली सवयही मोडते.

दुसरं म्हणजे आमच्याकडे नगराध्यक्ष टिकत नाही. थेट निवडणूक नाही, नगरसेवक निवडतात आणि अविश्वास ठरावाने काढतात. 2022 मध्ये मडगावात काही आठवड्यांत नगराध्यक्ष बदलला. गुप्त मतदान की हात वर करून, यावरून राज्यभर वाद झाला. त्या सगळ्या काळात शहराच्या कचऱ्याबद्दल किती चर्चा झाली असेल? मुख्याधिकारी बदलतो, नगराध्यक्ष बदलतो. टिकून राहतो तो फक्त जुना कारकून, आणि त्याला निर्णयाचा अधिकार नाही.

सह्याद्रीपलीकडे (सावंतवाडी)

मी महाराष्ट्रातल्या एका नगरपरिषदेत कर विभागात आहे. गोव्यात नातेवाईक आहेत, त्यामुळे दोन्हीकडचं बघतो.

आमच्याकडे नगरपरिषदांसाठी राज्यस्तरीय संवर्ग आहेत. स्थापत्य अभियांत्रिकी, लेखापाल व लेखापरीक्षक, कर निर्धारण व प्रशासकीय सेवा, अशा वेगवेगळ्या सेवा. भरती राज्य पातळीवरच्या परीक्षेने होते आणि माणूस एका गावातून दुसऱ्या गावात बदलीने जातो. याचा फायदा मोठा आहे. लहान नगरपरिषदेलाही शिकलेला लेखापाल मिळतो. शिवाय तो स्थानिक पुढाऱ्याचा भाचा-पुतण्या नसतो, त्यामुळे थकबाकीची नोटीस काढताना त्याचा हात थरथरत नाही.

तोटाही सांगतो. शहर समजायला वर्ष जातं. गल्लीबोळ, कुणाचं घर कुणाच्या नावावर, कुठली मालमत्ता कोर्टात, हे कळेपर्यंत बदलीचा आदेश. आणि जागा आमच्याकडेही रिकाम्या राहतात, संवर्ग केला म्हणून आपोआप भरत नाहीत. तरी माझं मत विचाराल तर गोव्याने हे करावं. 13 पालिका मिळून एक छोटासा संवर्ग होईल, पेडण्यापासून काणकोणपर्यंतचं अंतर तरी किती? घर न हलवता नोकरी करता येईल.

स्पष्टच_बोलतो (वास्को)

माफ करा, पण मला हे पटत नाही. गोव्यात 'पदं भरा' म्हटलं की काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. आमदाराच्या मतदारसंघातली पोरं रांगेत उभी राहतात. नोकरभरती ही मतांची बेगमी झाली आहे. पालिकांमध्ये आधीच माणसं भरलेली आहेत, दुपारी तीननंतर टेबलावर कुणी दिसत नाही. वर पगार सरकारी श्रेणीने. पगार नि निवृत्तिवेतन भागवता भागवता पालिकेच्या नाकी नऊ येतात, आणि तुम्ही आणखी माणसं मागता? कचरा, बाजार, घरपट्टी वसुली, सगळं कंत्राटाने द्या, कामाप्रमाणे पैसे द्या.

वहीखाते (तिसवाडी)

तुमचा राग रास्त आहे आणि त्यातला अर्धा भाग मला मान्य आहे. शिपाई आणि मदतनीस म्हणून गरजेपेक्षा जास्त माणसं घेतली गेली, हे मी पगारपत्रकावर पाहिलं आहे. पण त्याच पगारपत्रकात कनिष्ठ अभियंत्याच्या नावापुढे रेघ असायची. मी माणसांची संख्या वाढवा म्हणत नाही. ज्या जागेवर जबाबदारी असते, सही असते, तीच जागा नेमकी रिकामी का राहते, हे विचारते आहे. मदतनीस घेतला तर कुणाचं काही बिघडत नाही. कर्तव्यदक्ष लेखापाल आला तर काही जणांची बिलं परत जातात.

सरकारी खात्यांतल्या क वर्गाच्या जागांसाठी 2019 च्या कायद्याने कर्मचारी निवड आयोग आला, संगणकावर परीक्षा होतात. पालिकेतली प्रत्येक कायम जागा अशाच परीक्षेतून भरावी, दुसऱ्या कुठल्याही वाटेने नाही, एवढं आपण सगळ्यांनी मिळून मागायला हवं.

कंत्राटाचं म्हणाल तर कंत्राट चालवायलाही माणूस लागतो, आणि तो जाणकार लागतो. किती फेऱ्या झाल्या, वजनकाट्यावर किती भरलं, किती कामगार हजर होते, हे पालिकेच्या बाजूने कुणी मोजलंच नाही तर कंत्राटदाराने लिहिलेला आकडा हाच खरा ठरतो. त्याच आकड्यावर आम्ही बिल पास करतो.

अबोलीची_वेणी (फोंडा तालुका)

माझी आई सफाई कामगार आहे, रोजंदारीवर. या धाग्यावर तिच्याबद्दल कुणीतरी लिहायला हवं म्हणून लिहिते.

पहाटे उजाडायच्या आधी ती घरातून निघते. हजेरी लावायची जागा म्हणजे पालिकेच्या गोदामाचं शटर, तिथे मुकादम वही घेऊन उभा असतो. उशीर झाला तर अर्धा दिवस कापतात. हातमोजे मिळतात, पण एक जोड, आणि तो ओल्या कचऱ्यात आठवड्याभरात फाटतो. मग ती स्वतःच्या पैशांनी बाजारातून भांडी घासायचे रबरी मोजे आणते. पावसाळ्यात रेनकोट येतो तोवर अर्धा पाऊस सरलेला असतो. काचेने हात कापला तेव्हा तिने दुसऱ्या दिवशीही हात बांधून काम केलं, कारण रोजंदारीवाल्याने रजा घेतली की त्या दिवसाचा पैसा गेला.

वर कुणीतरी म्हटलं, माणसं भरलेली आहेत. आईच्या भागात पूर्वी जेवढ्या बायका झाडायच्या त्याहून आता कमी आहेत, आणि इमारती तर वाढल्या. निवृत्त झाली त्यांच्या जागी कुणी आलं नाही, त्यांचा रस्ता उरलेल्यांत वाटून दिला. आई दोन माणसांचा रस्ता झाडते. पगार लांबतो तेव्हा ती दुकानदाराकडे उधारी करते. 'शहर स्वच्छ' असा फलक लागतो तेव्हा तिला अभिमानच वाटतो, खरंच वाटतो. पण तिला कायम करा, निदान तिचा भविष्यनिर्वाह निधी वेळेवर भरा, वर्षातून एकदा तिची तपासणी करा. अंदाजपत्रकात हे सगळ्यांत आधी लिहायला हवं.

वहीखाते (तिसवाडी)

बाय, तुझं लिहिणं वाचून मी बराच वेळ थांबले. मोजे, बूट, रेनकोट यांची खरेदी जूनमध्ये सुरू करायची नसते, फेब्रुवारीत करायची असते. त्यासाठी त्या शीर्षात फेब्रुवारीपर्यंत पैसे शिल्लक राहायला हवेत. माझा सगळा मुद्दा तुझ्या आईच्या हातमोज्यांत आहे.

नवे_घर (फोंडा)

एक चांगला अनुभवही नोंदवतो, कारण तो याच विषयाचा आहे. सदनिका घेतल्यावर घरपट्टी नावावर करायला गेलो. आधीच्या अनुभवांवरून खेटे घालायची तयारी ठेवली होती. खिडकीवर एक तरुण बाई होत्या, त्यांनी लागणाऱ्या कागदांची यादी छापून समोरच चिकटवली होती. एक कागद कमी होता तो सांगितला, दुसऱ्या खेपेला अर्ज घेतला, आवक क्रमांक दिला, तारीख सांगितली. त्या तारखेला काम झालेलं होतं.

गोव्यात 2013 पासून कालबद्ध सेवेचा कायदा आहे. कुठला दाखला किती दिवसांत, ठरवून दिलेलं आहे, नाही मिळाला तर अपील आहे. बऱ्याच लोकांना तो ठाऊक नाही. आणि त्या बाई बदलून गेल्या तर? ती यादी भिंतीवर राहील का? चांगलं काम एका चांगल्या माणसावर अवलंबून आहे, हीच मला काळजी वाटते.

आल्तिनोचा_उतार (पणजी)

पणजीबद्दल लिहायला हवं. घरोघरी जाऊन कचरा उचलणं, वसाहतींमध्ये खत करण्याची केंद्रं, यात पणजी महापालिकेने बरीच वर्षं चांगलं काम केलं आहे, ते मान्य करू. याच शहराचा कचरा पूर्वी कुडका इथे टाकला जायचा, तिथल्या लोकांनी विरोध केला आणि शहराला स्वतःच्या कचऱ्याचं स्वतः बघणं भाग पडलं. त्यातून शिस्त आली.

पण स्मार्ट सिटीने एक नवा प्रश्न उभा केला. 2016 मध्ये पणजीची निवड झाली, कामांसाठी वेगळी कंपनी स्थापन झाली. मलनिस्सारण वाहिन्या, गटारं, रस्ते एकाच वेळी खोदले गेले. धूळ आणि वाहतूक यांवरून प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि एप्रिल 2024 मध्ये न्यायाधीशांनी स्वतः रस्त्यावर येऊन पाहणी केली. केंद्राचं अभियान मार्च 2025 मध्ये संपलं. आता जे बांधलंय ते चालवायचं कुणी? पंप, कॅमेरे, पदपथ, झाडं, सायकल मार्ग, या प्रत्येकाला दरवर्षी पैसा लागतो, माणूस लागतो. प्रकल्प मंजूर होतो तेव्हा पुढच्या दहा वर्षांच्या देखभालीचा खर्च त्याच ठरावात लिहिला गेला पाहिजे. कोण करणार तेही. शहरातल्या '18 जून' नावाच्या रस्त्यावर पाणी भरलं की फोन कुणाला करायचा, हे आजही सामान्य माणसाला माहीत नाही. नगरसेवक म्हणतो ते काम आमचं नाही.

एक मुद्दा यात मिसळला जातो. नळाला पाणी नाही, वीज गेली, रस्त्यावरचा दिवा बंद, या सगळ्यासाठी आपण नगरसेवकाला धरतो. गोव्यात वीज खातं राज्याचं, पाणी राज्याचं, मलनिस्सारणही राज्याच्याच यंत्रणेकडे. 74 व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत 18 विषय शहरांसाठी लिहिले, ती 1993 मध्ये लागू झाली. त्यातले किती प्रत्यक्षात पालिकांकडे आले? अधिकार वर, शिव्या खाली, अशी स्थिती आहे.

गावची_हद्द (ताळगाव)

मी पंचायत क्षेत्रात राहतो, पण रस्ता ओलांडला की महापालिका. 2011 मध्ये गोव्याची 62 टक्के लोकसंख्या शहरी म्हणून मोजली गेली. त्यात 70 शहरं होती, पण कायद्याने शहर म्हणावीत अशी फक्त 14. उरलेली 56 पंचायतींच्या कारभाराखालची जनगणना शहरं. पर्वरी बघा, उंच इमारती आहेत, वाहतूक शहराची आहे आणि कारभार पंचायतींचा, सचिव एक आणि हाताखाली मोजकी माणसं.

तरी आम्हाला एक गोष्ट मिळते जी शहरवाल्यांना मिळत नाही: ग्रामसभा. तिथे कुणीही उठून जमाखर्च विचारू शकतो, आणि गोव्यात विचारतातही, तावातावाने विचारतात. शहरासाठी घटनेत प्रभाग समित्या आहेत, पण 3 लाख किंवा जास्त लोकसंख्या असेल तरच त्या सक्तीच्या. गोव्यातलं एकही शहर त्या आकड्याच्या जवळपास नाही. म्हणजे चिंबलचा माणूस पंचायतीला जाब विचारू शकतो आणि पणजीच्या मळा भागातला माणूस पाच वर्षं थांबतो. राज्याने कायद्यात बदल करून प्रभाग सभा सक्तीच्या केल्या तर त्याला कुणी अडवणार नाही. निदान अंदाजपत्रकाआधी एक.

साळकाठ (मडगाव)

हद्दबाब, हा मुद्दा फार मोलाचा. आमच्या प्रभागात काही जणांनी नगरसेवकाला विनंती करून तशी बैठक घेतली होती. पहिल्याच बैठकीत लोकांनी मोठं काही मागितलं नाही. गटार मे महिन्याच्या आत उपसा, उपसलेला गाळ तिथेच काठावर ठेवू नका, नाहीतर पहिल्या पावसात तो परत आत जातो. एवढंच.

स्पष्टच_बोलतो (वास्को)

अबोलीची_वेणी, तुमच्या आईबद्दल वाचलं. सफाई कामगारांबाबत माझं वरचं वाक्य मागे घेतो. टेबलावरच्या माणसांबद्दल मात्र ठाम आहे.

वहीखातेबाय, एक विचारतो. पगार थेट सरकारी तिजोरीतून द्यावा अशी मागणी अधूनमधून होते. तसं झालं तर सगळा प्रश्नच सुटणार नाही का?

वहीखाते (तिसवाडी)

पगाराची चिंता मिटेल, हे खरं, आणि कामगारांच्या दृष्टीने ती लहान गोष्ट नाही. पण मग पालिकेला वसुली करायचं कारणच उरणार नाही. आजही जकातीच्या बदल्यातलं अनुदान येतं तेव्हा वसुलीची मोहीम मंदावते, हे मी पाहिलं आहे. माझं मत असं की राज्याने निवृत्तिवेतनाचा जुना बोजा उचलावा, कारण तो आजच्या मंडळाने तयार केलेला नाही. चालू पगार पालिकेने स्वतःच्या उत्पन्नातून द्यावा. आणि अनुदान किती येणार हे आधी ठरलेलं असावं. त्यासाठीच घटनेत दर 5 वर्षांनी राज्य वित्त आयोग नेमायला सांगितलं आहे. मंत्र्याच्या मर्जीवर येणाऱ्या पैशांवर कुणाला वर्षाची आखणी करता येत नाही.

पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 च्या अनुदानासाठी शहरांना ज्या अटी घातल्या त्या मला मनापासून पटल्या. लेखापरीक्षण झालेले हिशेब लोकांना ऑनलाइन दिसायला हवेत, आणि घरपट्टीचा किमान दर अधिसूचित करून वसुली राज्याच्या उत्पन्नवाढीच्या गतीने वाढायला हवी. हिशेब वेळेत लिहायला लेखापाल लागतो. तो नसेल तर येणारा पैसाही अडू शकतो. एका रिकाम्या खुर्चीची किंमत इथे कळते.

शुक्रवारपेठ (म्हापसा)

मग आता करायचं काय? पुढचं अंदाजपत्रक येईल तेव्हा आम्ही नेमकं काय मागायचं, ते सांगा. आमच्या व्यापाऱ्यांच्या बैठकीत मी मांडतो.

वहीखाते (तिसवाडी)

अंदाजपत्रक बैठकीत यायच्या आधी, म्हणजे जानेवारीतच, लेखी मागा. मंजूर पदं किती, भरलेली किती, पदनिहाय. मागच्या तीन वर्षांत घरपट्टीची अंदाजित रक्कम आणि प्रत्यक्ष वसुली, चालू आणि थकबाकी वेगळी करून. वाहन दुरुस्तीवर किती गेले आणि भाड्याच्या वाहनांवर किती. हे शेवटचे दोन आकडे शेजारी ठेवले की बाकी कुणाला काही समजवावं लागत नाही. कामगारांची भविष्यनिर्वाह निधीची रक्कम कुठल्या महिन्यापर्यंत भरली, तेही मागा.

माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 नुसार यातलं बरंचसं न मागता जाहीर करायचं असतं. संकेतस्थळावर नसेल तर 10 रुपये भरून अर्ज करा, 30 दिवसांची मुदत आहे. आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. आणि एकट्याने जाऊ नका. चार जणांनी विचारलं तर लेखा विभागातल्या प्रामाणिक माणसालाही बळ येतं. असा माणूस प्रत्येक पालिकेत असतो, मी त्यांना ओळखते.

शुक्रवारपेठ (म्हापसा)

देव बरें करूं. सोमवारी जातो, बाजारातले तिघे बरोबर येतो म्हणालेत. सोपोच्या कराराची प्रत आणि तीन वर्षांची वसुली, दोन्ही मागतो. मिळालं की इथे टाकतो.

वहीखाते (तिसवाडी)

वसुली महिनावार मागा, वार्षिक घेऊ नका. वार्षिक आकड्यात चतुर्थीच्या आधीची माटोळीच्या (गणपतीवर बांधायच्या फळा-पानांच्या) सामानाची गर्दी आणि जुलैतला ओस बाजार एकत्र मिसळतात, मग काहीच कळत नाही. आणि कराराबरोबर त्याचं परिशिष्टही मागा. दर तिथे लिहिलेले असतात.